स्वच्छ नाद आणि महाग यंत्रे



सभागृहात भाषणाला उभा राहिलेला माणूस आधी एक प्रश्न विचारतो : "मागे ऐकू येते आहे ना?" मागून बहुधा "येते, येते" असे उत्तर मिळते आणि भाषण सुरू होते. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील एखादे गृहस्थ भेटतात आणि म्हणतात, "ऐकू सगळे आले, समजले मात्र थोडेच." या बोलण्यात थट्टा किती आणि तक्रार किती हे वक्त्याने आपले आपण ठरवावे. परंतु आवाज मोठा असणे निराळे आणि तो स्वच्छ असणे निराळे, हे त्या गृहस्थांनी अगदी बरोबर पकडलेले असते. सभागृहाच्या चिटणिसांना मात्र या दुखण्यावर एकच औषध ठाऊक असते. ते म्हणजे आहे त्याहून महाग स्पीकर आणणे.

आज ज्या मंडळींविषयी मला बोलावयाचे आहे त्यांचीही तक्रार हीच आहे आणि त्यांना सांगितले जाणारे औषधही हेच. घरच्या खोलीत बसून संगणकावर संगीत रचणारी तरुण मुले-मुली आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर सांगली-नांदेडातही आहेत. यांच्यापाशी वादक नसतात. तालाचे ठोके, खर्जाची ओळ, सुरावट हे सारे ती संगणकातच निर्माण करतात, एकावर एक रचतात आणि शेवटी एक फाईल बाहेर काढतात. ती फाईल मित्राच्या गाडीत लावली की गाणे गढूळ वाटते. ठोके ढबढबतात, सूर एकमेकांत बुडतात, आणि ज्याचे अनुकरण करावयाचे ते परदेशी गाणे मात्र त्याच गाडीत स्फटिकासारखे वाजते. मग कोणीतरी सांगतो, "तुझे सामान हलके आहे." लाखाच्या घरातील स्पीकरची जोडी, त्याहून महाग इंटरफेस, चांदी मिसळलेल्या तारा, आणि हे सर्व हप्त्याने! हप्ते फेडण्यासाठी कित्येकांना संगीताचाच वेळ विकावा लागतो. ज्याला हप्ता झेपत नाही तो "आपल्याकडे सामानच नाही" म्हणून काम सोडून देतो. म्हणून या प्रश्नाचा नीट उलगडा झाला पाहिजे, असे मला वाटते.

आधी हे पाहू की या संगीतात नाद निर्माण कोठे होतो. सतारीचा नाद भोपळ्यात आणि तारेत होतो, त्यामुळे सतार चांगली की वाईट याला अर्थ आहे. संगणकातील सिंथेसायझरचा नाद मात्र आकड्यांत होतो. दर सेकंदाला साधारण ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी स्पीकरचा पडदा किती पुढे वा मागे असावा याची नोंद. दहा वाद्ये एकत्र करावयाची म्हणजे दहा आकड्यांची बेरीज करावयाची. इंटरफेस नावाची पेटी या आकड्यांचे विजेत रूपांतर करते आणि स्पीकर त्या विजेचे हवेच्या कंपनांत. आता गंमत अशी की, शेवटची फाईल संगणक लिहितो तेव्हा ती या पेटीतून जात नाही, स्पीकरमधूनही जात नाही. ती सरळ आकड्यांची आकड्यांत लिहिली जाते. पन्नास हजारांची पेटी जोडा, पाच हजारांची जोडा, किंवा काहीच जोडू नका, फाईल तीच निघणार. महाग संगणकावर दोन अधिक दोन सव्वाचार होत नाहीत.

हे कोणी माझ्या शब्दावर मानू नये, कारण याची परीक्षा घरी करता येते. एकच रचना दोन निरनिराळ्या संगणकांवरून, निरनिराळ्या पेट्या जोडून, फाईलरूपाने काढावी. दोन्ही फाईली एकाखाली एक ठेवून त्यांपैकी एक उलटी करावी, म्हणजे जेथे अधिक तेथे उणे. मग दोन्ही एकदम वाजवाव्यात. त्या तंतोतंत सारख्या असतील तर बेरीज शून्य होते आणि संपूर्ण शांतता ऐकू येते. (काही सिंथेसायझर मुद्दामच दर वेळी थोडे वेगळे वाजतात, तसले वाद्य परीक्षेत घेऊ नये. नाहीतर विनाकारण वाद होतील.)

तेव्हा या संगीतात यंत्रांचे काम नाद घडविण्याचे नसून दाखविण्याचे आहे. ती आरशासारखी आहेत. महाग आरशाने चेहरा सुधारत नाही, पण वाकड्या आरशात पाहून दाढी केली तर कापण्याचा संभव असतो. म्हणजे विचार करावयाचा तो आरसा किती वाकडा आहे आणि कशामुळे वाकडा आहे याचा.

पहिला संशय त्या ४४,१०० आकड्यांवर घेतला जातो. सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० आकडे घेणारी यंत्रे मिळतात, मग ती अधिक स्पष्ट नकोत का? येथे गणित आड येते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये जी दिशा दाखविली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जो सिद्धांत मांडला तो असा : एखाद्या लहरीत जितकी जलद कंपने असतील त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा तिची नोंद केली, तर नोंदीवरून ती लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. अंदाजे नव्हे, जशीच्या तशी. माणसाचा कान तारुण्यात फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि आमच्या वयाच्या मंडळींनी तर त्याहून बरेच खाली समाधान मानावे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ४४,१०० हा आकडा ठरला तो या हिशेबाने. बॉस्टनकडील मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली एक मोठी परीक्षा प्रसिद्ध केली. उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण एकदा तसेच, आणि एकदा सीडीच्या मोजमापातून गाळून, श्रोत्यांना न सांगता ऐकविले. ५५४ वेळा विचारले, त्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून याहून फारसे वेगळे आले नसते. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा अनेक परीक्षांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ भरले. म्हणजे फरक अगदीच नाही असे नाही. पण एवढ्याशा फरकाने कोणाचे गढूळ गाणे स्वच्छ होणार नाही, एवढे निश्चित.

मग लोकांना दुकानात फरक ऐकू येतो तो कसा? ते खोटे बोलत नाहीत. त्यांना खरेच ऐकू येतो. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर बनविणाऱ्या एका कंपनीतीलच ४० माणसे बसविली आणि त्यांना चार प्रकारचे स्पीकर ऐकविले. एकदा पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घसरले. ही माणसे धंद्यातली होती, हे लक्षात घ्या. तेथे तुमची-आमची काय कथा! येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापे किमतीशी ताडून पाहिली. कोणत्या पट्टीचा सूर किती जोरात वाजतो याचा जो आलेख असतो त्याचा आणि किमतीचा काही संबंध त्यांना आढळला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट दुकानदाराला ठाऊक असते. दोन स्पीकरांपैकी एक अगदी किंचित मोठा लावला, तर ऐकणाऱ्याला तो "मोठा" वाटत नाही, तो "चांगला" वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखविले की आवाज हळू असता कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढविला की तो भरून येतो. तेव्हा आवाज सारखा केल्याशिवाय कोणतीही तुलना करू नये. हा नियम पाळला तर निम्मी खरेदी टळेल.

आता गढूळपणाच्या खऱ्या कारणांकडे येतो. ती दोन आहेत आणि दुकानात त्यांपैकी एकही मिळत नाही.

पहिले कारण गर्दी. आपल्या कानात प्रत्येक सुरासाठी स्वतंत्र खोली नाही. जवळजवळच्या कंपनसंख्यांचे सूर एकाच खोलीत उतरतात, आणि तेथे जो जोरात बोलतो तो दुसऱ्याला झाकून टाकतो. खालच्या पट्टीत ही खोली सुमारे १०० कंपनांइतकी रुंद असते. याचा अर्थ काय ते हार्मोनियमवर पाहा. मध्य सप्तकात सा आणि ग एकदम दाबले तर गोड वाटतात. तेच दोन सूर अगदी खाली, सेकंदाला ६५ आणि ८२ कंपने होतील इतके खाली नेले, तर एक घरघर ऐकू येते, कारण दोघे एकाच खोलीत कोंडले गेलेले असतात. पाश्चात्य रचनाकार खालच्या पट्टीत सूर ऐसपैस ठेवतात त्याचे इंगित हेच. शिवाय खर्ज आपल्या वरच्या सुरांना जितका झाकतो तितके वरचे सूर खर्जाला झाकीत नाहीत. घरी संगीत करणाऱ्याच्या रचनेत ढोलाचा ठोका ५० ते ६० कंपनांवर, खर्जाची ओळ तेथेच, सिंथेसायझरचे तीन-चार गालिचे २०० ते ५०० च्या दरम्यान, आणि या सर्वांवर लांबलचक प्रतिध्वनी. इतक्या गर्दीत राजाचा स्पीकर आणून ठेवला तरी तो गर्दीच अधिक बारकाईने दाखवील.

यावर उपाय वजाबाकीचा. ज्या वाद्याला खर्जात काम नाही त्याचा खर्ज गाळणीने कापावा. ठोका पडतो त्या क्षणी खर्जाची ओळ किंचित मागे सरावी अशी सोय करावी. संगीताच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. एक वाद्य वर न्यावे, एक खाली. आणि सर्वांत कठीण उपाय म्हणजे एखादे वाद्य काढूनच टाकावे. जे रात्रभर बसून घडविले ते सकाळी काढावयाचे, याला काळीज लागते.

मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजविणारे वादक. त्यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी केली. साधने तीन : रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ ही खर्जाची छोटी पेटी आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारात घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि एकदम नाव झाले. ज्युपिटर-८ हे स्वस्त यंत्र नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यातला भैरव अंगाचा बैरागी किंवा साधा यमन ऐका. खाली ठोका, त्याच्या वर फिरत राहणारा खर्ज, आणि त्याहून पुष्कळ वर रागाची सुरावट. तिघे तीन मजल्यांवर राहतात, जिन्यात कोणी कोणाला धडकत नाही. स्वच्छपणा त्या मांडणीचा आहे, असे माझे मत आहे.

त्याच टीबी-३०३ ची पुढची कथा शिकागोची. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून ही पेटी काढली होती. ती खपली नाही आणि १९८४ च्या सुमारास कंपनीने बंद केली. मग ती जुन्या सामानात मिळू लागली. शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळींनी तिची बटणे भलतीकडेच पिळली, आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघून एका नव्या प्रकाराला नाव मिळाले. त्यातही ठोके आणि ती वळवळणारी ओळ, यापलीकडे फारसे काही नाही. आज या टाकाऊ पेटीला जुन्या बाजारात जी किंमत येते ती पाहून तेव्हाचे विक्रेते कपाळाला हात लावतील.

दुसरे कारण खोली, आणि येथे मला थोडे रेंगाळावयाचे आहे, कारण आपल्या घरांचा प्रश्न खास आपला आहे. दहा फूट रुंद, दहा फूट लांब, छतही साडेनऊ-दहा फुटांवर, चहूकडे गिलावा, खाली फरशी. अशी खोली म्हणजे नादाच्या दृष्टीने जवळजवळ घनाकृती पेटी. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. खोलीच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे सहा मीटरांहून थोडी अधिक लांब अशी लहर भिंतींमध्ये बरोबर मावते आणि घुमू लागते. भागाकार केला तर तिची कंपनसंख्या सुमारे ५७ येते. लांबीची ५७, रुंदीची ५७, उंचीचीही जवळजवळ ५७. आणि मघाशी सांगितले तो ढोलाचा ठोका कोठे असतो? नेमका तेथेच.

या घुमणाऱ्या लहरीचा स्वभाव असा की भिंतीजवळ ती अतिशय जोरात असते आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नसते. आमचा तरुण खुर्ची टाकून मध्यावर बसतो. त्याला ठोक्याचा खर्ज ऐकू येत नाही, म्हणून तो खर्ज वाढवितो. अजून ऐकू येत नाही, अजून वाढवितो. ते गाणे मित्राच्या गाडीत जाते आणि काचा थरथरू लागतात. त्याच्या हातून काही चुकले नाही, त्याच्या आरशानेच त्याला खोटे दाखविले. आणि हा आरसा स्पीकर बदलून सरळ होत नाही, कारण लाखाचा स्पीकरही त्याच चार भिंतींत वाजणार. उलट मोठा स्पीकर अधिक खर्ज देतो आणि खोली अधिक घुमते.

यावर लोक अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवितात, किंवा इंचभर जाडीचे फोमचे चौकोन आणतात. सहा मीटरच्या लहरीला इंचभर फोम म्हणजे म्हशीच्या पाठीवर चिमणी. त्याने फक्त वरचे, चटपटीत सूर शोषले जातात, आणि खर्ज होता तसाच राहिल्याने खोली पूर्वीपेक्षा अधिकच गुबगुबीत वाटते. खर्जाला जाडी लागते. खनिज लोकरीचे चार-सहा इंच जाड तावदान भिंतीपासून थोडे सोडून आणि विशेषतः कोपऱ्यांत लावावे, तेव्हा कोठे थोडा परिणाम होतो. कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या तर काही थोडे साधते, पण घरातल्या माणसांची संमती घेऊन.

त्याआधी खुर्ची हलवावी. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या एकतृतीयांश ते दोनपंचमांश अंतरावर कान येतील असे बसावे, आणि मग एकच खर्जाचा सूर लावून डोके वीतभर मागे-पुढे करून पाहावे. सूर फुगतो, विरतो, पुन्हा येतो, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर यंत्रांविषयीचे पुष्कळ गैरसमज आपोआप गळून पडतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकविला की जवारी उघडते. त्या दोऱ्याची किंमत कोणी विचारीत नाही. तोच प्रकार येथे आहे.

येथे कोणी लॉस एंजेलिसच्या बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांचे उदाहरण काढील. त्यांचा २०१९ चा संग्रह बव्हंशी घरातल्या लहानशा झोपण्याच्या खोलीत झाला, स्पीकर यामाहाचे साधे पाच इंची, आणि २०२० च्या जानेवारीत त्याला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. उदाहरण खरे आहे, परंतु अर्धेच सांगितले जाते. गळ्यासाठी मायक्रोफोन नॉयमन कंपनीचा, बऱ्यापैकी किमतीचा होता. आणि शेवटचे मिश्रण रॉब किनेल्स्की या अनुभवी तंत्रज्ञाने केले, त्यावरचा अखेरचा हात जॉन ग्रीनहॅम यांनी फिरविला. म्हणजे त्या खोलीत घडलेले नाद पुरेसे चांगले होते, पण ते दुसऱ्या कानांनी, दुसऱ्या खोलीत तपासले गेले. पेटीपेक्षा ते कान महत्त्वाचे, असे मी म्हणेन. आपल्याकडे असे कान विकत घेणे परवडत नसेल तर निदान दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्या घरी, हळू आवाजात ऐकावे.

तर महाग सामान कोठेच उपयोगी नाही काय? आहे. हवेतला आवाज आत घ्यावयाचा असेल, म्हणजे गळा, बासरी, तबला, तर मायक्रोफोनला आणि त्याहून अधिक शांत खोलीला किंमत आहे, कारण तेथे यंत्र खरोखर नादात भाग घेते. हाताने वाजविण्याच्या जुन्या विद्युत् सिंथेसायझरला त्याचा स्वतःचा रंग असतो, तो हवा असेल तर पैसे मोजावेत. आणि संगणकाबरोबर मिळणारे अडीच-तीन इंची स्पीकर ८० कंपनांखाली फारसे काही वाजवीतच नाहीत. त्यांच्या भरवशावर ठोका आणि खर्ज जुळविणे म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणे. तेवढे बदलावेत.

इंटरफेसची गोष्ट मात्र संपल्यातच जमा आहे. आज स्वस्त म्हणून मिळणाऱ्या पेट्यांतही अगदी बारीक आणि अगदी मोठा आवाज यांमधील अंतर शंभर डेसिबलांच्या वर असते. पंखा फिरतो आहे, खाली रिक्षा उभी आहे, शेजारी कुकरची शिटी होते आहे, अशा आपल्या खोलीत पन्नास डेसिबलांचे अंतर मिळाले तरी नशीब. म्हणून कोणी विचारले तर मी सांगतो : आधी खुर्ची हलवा आणि अर्धी वाद्ये काढून पाहा. मग बरेसे, कानांवर पूर्ण बसणारे हेडफोन घ्या, कारण त्यांना खोली नसते आणि शेजारीही नसतात. त्यानंतर कोपऱ्यांतली लोकर, त्यानंतर पाच इंची स्पीकरची जोडी. आधीची पेटी चालत असेल तर ती तशीच राहू द्या.